मदत हवी आहे: सभागृह बेमुदत तहकूब झाल्यावर अध्यादेश काढता येतो का?

नमस्कार मंडळी,

राज्यसेवा मुख्य परीक्षेचा अभ्यास करतोय आणि संसदेच्या अधिवेशनाच्या शेवटापाशी गाडी अडली आहे. गोंधळ झाला की बैठक दुपारी दोनपर्यंत तहकूब, हे समजतं. शेवटच्या दिवशी ‘वंदे मातरम्’ होऊन सभागृह बेमुदत तहकूब होतं, तेही ठीक. पण राष्ट्रपतींचा सत्रसमाप्तीचा आदेश (कलम ८५) बऱ्याचदा काही दिवसांनी निघतो. मधल्या दिवसांत अधिवेशन चालू धरायचं का? कलम १२३ नुसार दोन्ही सभागृहांचं सत्र चालू असताना अध्यादेश निघत नाही. अभ्यासगटात यावरून दोन तट पडलेत. आपल्या विधिमंडळात शेवटच्या दिवशीच राज्यपालांचा संस्थगितीचा (म्हणजे सत्रसमाप्तीचाच) आदेश वाचून दाखवतात, म्हणून हा पेच कधी जाणवला नव्हता.

आणि अर्धवट राहिलेल्या विधेयकांचं काय होतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

चालूच धरायचं. बेमुदत तहकुबी पीठासीन अधिकारी करतात आणि त्यानंतरही तेच पुन्हा बैठक बोलावू शकतात. सत्र संपतं ते राष्ट्रपतींच्या आदेशाने.

२०१५ चं भूसंपादन प्रकरण नीट वाचा. विधेयक लोकसभेत मंजूर झालेलं, राज्यसभेत सरकारकडे संख्याबळ नव्हतं आणि आधीच्या अध्यादेशाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपत होती. अर्थसंकल्पी अधिवेशनाची मधली सुट्टी असल्याने दोन्ही सभागृहं बसत नव्हती, तरी सत्र कायम होतं. म्हणून २८ मार्चला फक्त राज्यसभेची सत्रसमाप्ती केली आणि ३ एप्रिलला नवा अध्यादेश आला. एका सभागृहाचं सत्र संपलं तरी पुरतं! कायद्यात बसतं, पण मला ही पळवाटच वाटते.

प्रतिसाद २

सत्रसमाप्तीने विधेयक व्यपगत (आपोआप रद्द) होत नाही (कलम १०७). लोकसभेचं विसर्जन झालं की मात्र तिच्यापुढची विधेयकं जातात. महिला आरक्षणाचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं, म्हणून २००९ च्या विसर्जनातून वाचलं. २०१० मध्ये तिथे मंजूर होऊन लोकसभेकडे गेलं, तिथेच अडकलं आणि २०१४ च्या विसर्जनात व्यपगत झालं. एवढं एक उदाहरण लिहिलंत तरी दोन्ही नियम येतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मग दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, ते सत्रसमाप्तीपासून मोजायचं का?

प्रतिसाद १

नाही, शेवटच्या बैठकीपासून पुढच्या सत्राच्या पहिल्या बैठकीपर्यंत.