हारतुरे आहेतच, पण अडचण वेगळी आहे

इथल्या चर्चेत एकाने म्हटलंय की रोटरी-लायन्ससारखे समाजसेवा करणारे क्लब म्हणजे नुसते हारतुरे, फोटो आणि जेवणावळी. अगदीच खोटं नाही. (पण आपल्या पेठांतल्या कुठल्या मंडळाच्या बॅनरवर पदाधिकाऱ्यांचे चेहरे नसतात?)

मला खटकतं ते वेगळंच. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा असतो. मग गेल्या वर्षी शाळेत बसवलेल्या वॉटर फिल्टरची कॅन्डल बदलणार कोण? पोलिओ निर्मूलनाचं काम मात्र रोटरीने १९८५ पासून सोडलं नाही. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात सरकारी यंत्रणेबरोबर रोटरीचाही मोठा वाटा.

पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना नाना पेठ, भवानी पेठेत चक्कर मारा. वारकऱ्यांच्या फोड आलेल्या तळपायांना खाली बसून मलम लावणारे दिसतील. त्यांतले काही अशाच क्लबांचे असतात, आणि तिथे हारबीर काही नसतो.

२०१६ पासून रोटरी क्लबांवरचं दर आठवड्याला बैठक घेण्याचं बंधन सैल झालंय, महिन्याला दोन पुरतात. ओळखीच्या सभासदाबरोबर एकदा पाहुणे म्हणून जा आणि गेल्या वर्षीच्या प्रकल्पाचं आज काय चाललंय, एवढं विचारा.