चर्चा : मंडळीच्या कामातून वर्षभर बाजूला होणं, हा विसावा की पळवाट?

मागच्या बाकावरून (नगर)

पणजोबांपासून आमचं घर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, मी १९ वर्षं घेतली. शिवाय महिला मंडळ, उपास-प्रार्थना, नाताळच्या नाटिका. गेल्या वर्षी प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा, ट्रे आमच्या रांगेत आला, तेव्हा छोटे प्याले मागच्यांना पुरतील का, हे मी मोजत होते. बत्तीस भरले. मोजून झाल्यावर पाहते तर माझ्या हातातला प्याला रिकामा. रस मी कधी प्याले, ते कळलंच नाही. भाकर कधी खाल्ली, तेही नाही. घरी येऊन खूप रडले.

पाळकांना, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, सांगितलं आणि सगळी कामं खाली ठेवली. तेव्हापासून रविवारी जाते आणि मागच्या बाकावर नुसती बसते. पहिले तीन महिने फार वाईट गेले. प्रार्थना सुचेचना. लक्षात आलं की इतकी वर्षं देवाशी माझं बोलणं कामापुरतंच होतं : मुलं येऊ देत, पाऊस पडू नये, पेटीवाले वेळेवर पोचू देत.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी मुलांना कितीदा शिकवली असेन. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. हे 'पुन्हा झोपतो' मी शिकवताना नेहमी गाळायचे.

मी राबले तर देव माझ्यावर प्रसन्न राहील, या हिशेबालाच मी विश्वास समजत होते. 'कष्टी व भाराक्रांत जनहो' हे येशूचं बोलावणं बाहेरच्यांसाठी आहे, असं धरून चालले होते. आपला हात न लागताही देव काम करतो, हे मान्य करायला फार धीर लागतो. तो मी आता शिकते आहे. तुम्हाला काय वाटतं?

नेवाशाचा शेतकरी

ताई, सलाम. तुमचं दुःख खरं आहे, पण गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. एलीया पुढे चाळीस दिवस चालून होरेबला, देवाच्या डोंगरावर, जातो. तिथे देव त्याला विचारतो, तू इथे काय करतोस? आणि आल्या वाटेने माघारी पाठवतो, कामं नेमून देऊन. विसावा दोन झोपांपुरता होता, वर्षाचा नव्हता.

धीर म्हटलं की लोक शेतकऱ्याचा दाखला देतात. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी कसं वाढतं त्याला कळत नाही. प्रभूचा दाखला खराच आहे. पण ज्वारी दाण्यात आली की महिनाभर माळ्यावर गोफण घेऊन बसावं लागतं. नाहीतर पाखरं कणसं रिकामी करतात. आमचं वाट बघणं असं असतं.

वसईची

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमची रीत थोडी वेगळी. गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला शनिवार आठवा. दिवसभर मिस्सा नसतो, वेदीवरचं कापड काढलेलं असतं. अख्खी ख्रिस्तसभा त्या दिवशी कबरीपाशी बसून असते. काही करण्यासारखं नसतं आणि ते तसंच असायला हवं. लहानपणी मला तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा. आई गेली त्या वर्षी मला तोच एक दिवस आपला वाटला. ताईंचं वर्ष मला त्या शनिवारासारखं वाटतं.

रात्रपाळीची नर्स

मला थोडा राग आला, तो मांडते. ताईंकडे खाली ठेवायला कामं तरी होती. मला महिन्यातून एखादाच रविवार उपासनेला मिळतो. आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी सगळ्यांच्या आधी येतात आणि सतरंज्या गुंडाळून शेवटी जातात. त्यांना वर्षभर मागे बसा असं कोण म्हणणार? हा विसावा पोटाची सोय असलेल्यांचा आहे.

परळचा जुना

नर्सताई, राग रास्त आहे, पण तो विसाव्यावर नको. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा शास्त्रात दोनदा येते. 'निर्गम' या पुस्तकात कारण दिलंय की देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकात कारण वेगळं : तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. म्हणजे आज्ञेत मावशी आधीपासूनच आहेत. आपणच त्यांना वगळलं.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली होती. लोखंडे सत्यशोधक, ख्रिस्ती नव्हेत. माझे आजोबा गिरणीत होते. ते म्हणायचे, रविवार आपल्याला भांडून मिळालाय, तो वाया घालवू नका. मंडळीनेही मावशींसाठी भांडावं.

नेवाशाचा शेतकरी

आणखी एक. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं ते मागे बसायला नव्हे. 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा करायला सोडलं. दोन वर्षांत देह ठेवला.

मागच्या बाकावरून (नगर)

नर्सताई, माझ्या जागी कोण उभं राहिलं याचा मी सुरुवातीला विचारच केला नव्हता. तुमचं वाचून मान खाली गेली.

भाऊ, तुमचंही खरं, होरेबवरून त्याला परत पाठवलं. पण नेमून दिलेल्या कामांत एक काम अलीशाला पुढचा संदेष्टा म्हणून अभिषेक करण्याचं होतं, 'तुझ्या जागी' म्हणून. आमची शब्बाथशाळा आता कॉलेजातली एक मुलगी घेते. गाण्याची चाल चुकवते. मुलं तिच्याभोवती अशी गर्दी करतात, जशी माझ्याभोवती कधी केली नाही. मी जागा अडवून बसले होते हे मला उठल्यावरच दिसलं.

नेवाशाचा शेतकरी

तुम्हाला अलीशा मिळाला, देवाची स्तुती असो. आमच्या गावची तरणी पोरं चाकणला कंपनीत आहेत. रविवारी नऊ लेकरं येतात. पेटी मी वाजवतो, शास्त्रपाठ मी घेतो, खिचडी घरून येते. ज्या रविवारी मी बसलो, त्या रविवारी दाराला कुलूप. तुमच्याशी वाद घालतोय तो थकलोय म्हणूनही असेल.

मागच्या बाकावरून (नगर)

भाऊ, मंडळीचा पत्ता मेसेजमध्ये पाठवा. नगरहून सकाळच्या एसटीने येते. महिन्यातला एक रविवार मी घेईन. पेटी येत नाही, टाळ्यांवर गाऊ. तुम्ही त्या दिवशी मागे बसा.