हळद विषाणूला दारातच अडवते, मग तिचं औषध का होत नाही?

हरिपूरकर
आमच्या तीन पिढ्या हळदीत गेल्या. २००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, पाण्याखाली गेली, तेव्हा आजोबा कितीतरी दिवस नदीकडे पाठ करून बसत. त्यामुळे हळदीला कुणी हलकं लेखलं की मला राहवत नाही.

विषाणू पेशीत शिरला तरच वाढतो. शिरायला आधी पेशीच्या अंगावरच्या एखाद्या प्रथिनाला किंवा साखरेला चिकटावं लागतं. तिथंच अडवला की पुढचं सगळं टळलं. चिकुनगुनिया, झिका, हिपॅटायटिस सी या तिन्हींच्या विषाणूंवर हळदीतल्या करक्युमिन या पिवळ्या द्रव्यानं प्रयोगशाळेत हेच करून दाखवलंय. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिन या द्रव्याचा सार्सच्या विषाणूवरचा प्रयोग जर्मनीत २००३ लाच झाला. मग औषध म्हणून हळदीला कुणी का विचारत नाही? माझं मत स्पष्ट आहे: त्यात कंपन्यांना पैसा नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं होतं, माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. आपण जिंकलो. पण ज्याचं पेटंट नाही, त्याच्या चाचण्यांवर खर्च कोण करणार?

मिरजेची औषधशास्त्रवाली
दादा, प्रयोग खरे आहेत, निष्कर्ष चुकतोय. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. माणसांना रोज ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन देऊन पाहिलंय, म्हणजे तुमच्या हिशेबानं रोज पाव किलोहून जास्त हळद. तरी रक्तात उतरलं ते नाममात्र. आतडं ते घेत नाही, घेतलं तेवढं यकृत लगेच बदलून टाकतं. प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींना मात्र ते थेट अंघोळीसारखं मिळतं.

आणि क्लोरोक्विन विसरू नका. सिंकोनाच्या सालीतल्या क्विनाईनवरून घडवलेलं हे औषध माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत कोरोनाला शिरू देत नव्हतं. त्या पेशींत विषाणू आम्ल पिशवीत बसून आत येतो, आणि क्लोरोक्विन तिची आम्लता घालवतं. आपल्या फुप्फुसाच्या पेशींवर मात्र टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या मदतीनं विषाणू पृष्ठभागावरूनच घुसतो, पिशवीची गरजच नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या चाचणीत, रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या त्याच्याच भावंड औषधानं मृत्यू कमी झाले नाहीत. एक दार बंद केलं आणि चोर दुसऱ्यानं आला.

पैशाचं म्हणाल तर ग्रीन टीच्या अर्काचं मलम अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं, तेही विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळांवर. वनस्पती आहे म्हणून कुणी अडवलं नाही.

वाईकर
ताई, रक्तात उतरत नाही हे पटलं. पण सर्दीचा विषाणू रक्तात कुठं उतरतो? तो नाकात बसतो. लाल समुद्रशेवाळातल्या कॅराजिनानचा नाकात मारायचा फवारा युरोपात विकला जातो. तो विषाणूला नुसता चिकटवून धरतो, पचायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे हळदीच्या गुळण्या करतात त्यामागं हाच विचार असणार. मी हरिपूरकरांच्या बाजूनं.

मिरजेची औषधशास्त्रवाली
नाकाचा मुद्दा मान्य, मनापासून. गुळण्यांचा नाही: करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पिवळं पाणी म्हणजे बहुतेक तरंगती भुकटी. आणि याच कॅराजिनानचं जेल दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांवर बायकांना एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून देऊन पाहिलं. बशीत ते विषाणूला अडवत होतं. २००८ मध्ये निकाल आला: संरक्षण नाही. म्हणून प्रत्येक जागा, प्रत्येक विषाणू वेगळा तपासावा लागतो.

कवठेमहांकाळ
मला शास्त्र कळत नाही, घरचं सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या काकांना ताप आला. पाच दिवस काढा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध. "घरचं आहे, अपाय नाही" म्हणत राहिले. ऑक्सिजन ८४ वर आला तेव्हा गाडी शोधायला निघालो. काका राहिले नाहीत. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता, आणि ज्येष्ठमधानं तो वाढतो हे मला त्यांच्या नंतर कळलं. हळदीनं मारलं असं मी म्हणत नाही. पण "दारातच अडवते" हे वाक्य आमच्या घरात पाच दिवस खाऊन गेलं. शीर्षक बदला, एवढीच विनंती.

हरिपूरकर
दादा, तुमच्या काकांचं वाचून पोटात तुटलं. शीर्षक आता बदलता येत नाहीये, म्हणून इथंच लिहितो: ताप असेल, दम लागत असेल तर दवाखाना आधी. काढ्यावर दिवस घालवू नका.

ताई, खाऊन उपयोग नाही हे मी मान्य करतो, पाव किलोचा हिशेब माझ्यासारख्याला लगेच कळतो. पण नाकाची बाजू मी सोडणार नाही. केळीतल्या लेक्टिनचं, म्हणजे साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाचं, एक अमिनो आम्ल बदलून त्याचा अपाय कमी केला, विषाणूला धरणं तसंच राहिलं, हे २०१५ चं काम. म्हणजे निसर्गानं दिलेलं जसंच्या तसं नाही, तर सुधारून. करक्युमिन विरघळेल, नाकात टिकेल असं करून खऱ्या माणसांवर चाचणी घ्यायची, तर मिरजेहून जवळ दवाखाने कुठं आहेत? हळद मी देतो, नमुन्याला लागेल तेवढी. कुणाशी बोलायचं ते सांगा.

मिरजेची औषधशास्त्रवाली
आधी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि त्याआधी नाकाच्या पेशींवरचं काम. ते माकडाच्या पेशींवर नको, माणसाच्याच. आमच्या विभागात सोमवारी विचारते.