जुन्या ओम्नीचा क्लच मालकाने स्वतः बदलावा का?

घाटवाट (चर्चाप्रवर्तक)

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ पासून ती ओम्नी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज रस्त्यावर असलेल्या ओम्नींपैकी पुष्कळ गाड्या पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीला आलेल्या आहेत किंवा तो टप्पा ओलांडून गेल्या आहेत. अशा गाडीचा क्लच घसरू लागला, म्हणजे करूळ घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही अशी अवस्था आली, की मालक सरळ गॅरेजची वाट धरतो. ज्याच्याकडे सपाट आणि पक्की जागा आहे, वजन पेलणाऱ्या घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे आधार-स्टँड) आहेत, दोन जॅक आहेत आणि जोडीला एक जाणता माणूस आहे, त्याने हे काम स्वतः करावे, असे माझे ठाम मत आहे.

याला ओम्नीची रचनाच अनुकूल आहे. इंजिन पुढच्या आसनांखाली गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे, अशी सरळ मांडणी असल्यामुळे इंजिन न काढता गिअरबॉक्स मागे ओढून खाली उतरवता येतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत ॲक्सल काढावे लागतात, पुष्कळदा सबफ्रेमही सैल करावी लागते. तो खटाटोप इथे नाही. क्लच केबलवर चालतो, त्यामुळे हायड्रॉलिकमधली हवा काढण्याचे कामही उरत नाही.

मात्र गाडीखाली शिरण्याआधी निदान पक्के करावे. केबल फार ताणलेली असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) हे प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट इंजिनच्या बाजूला दाबून धरणाऱ्या भागाच्या) पात्यांवर सतत टेकून राहते आणि चांगली क्लच प्लेटसुद्धा घसरते. असे असेल तर केबलचा प्ले (मोकळी ढील) नीट करून काम भागू शकते. प्ले बरोबर असूनही शंका असेल तर सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत, तिसरा गिअर टाकावा आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन पेडल हळूहळू सोडावे. इंजिन बंद पडले तर प्लेट अजून धरते आहे. ते फिरतच राहिले तर प्लेट संपली आहे. नुसता आवाज येत असेल तर पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हे ऐकावे. दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येऊन दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवतो.

माझा मुख्य मुद्दा मजुरी वाचवण्याचा नाही. गिअरबॉक्स खाली आल्यावर फ्लायव्हीलचा (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीचा) पृष्ठभाग, क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील, गिअरबॉक्सचे पुढचे सील, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे पुढचे टोक धरणारे) आणि रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कची झीज या साऱ्या गोष्टी कित्येक वर्षांतून एकदाच डोळ्यांसमोर येतात. त्या वेळी घाईत असलेला कारागीर प्लेट बदलून पुढच्या गाडीकडे वळतो. मालक मात्र थांबतो, बघतो आणि त्या सीलवर थोडे पैसे घालतो. तेच सील पुढे गळले तर नवी प्लेट तेलात भिजून पुन्हा सगळे उतरवावे लागते.

पान्हा_सातारा

मी फिटर आहे, माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि ओम्नी ही माझ्या हाताखालून सर्वांत जास्त गेलेली गाडी आहे. निदानाबद्दल आपण लिहिलेले सारे बरोबर आहे. पण निष्कर्षाशी मी सहमत नाही आणि त्याचे पहिले कारण धंदा नसून जीव हे आहे. घराच्या अंगणात काम करणाऱ्याकडे घोड्या क्वचितच असतात. तो जॅकवर गाडी उचलतो आणि आधाराला विटा नाहीतर सिमेंटचे ठोकळे लावतो. सिमेंटचा ठोकळा हळूहळू वाकत नाही, तो एका क्षणात फुटतो. त्यातच बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचा) अडकलेला बोल्ट सुटावा म्हणून माणूस खाली झोपून लांब पाइप लावून झटके देतो, म्हणजे आधार सर्वांत कच्चा असतानाच गाडीला सर्वांत जास्त हिसके बसतात.

दुसरे कारण गिअरबॉक्सचे वजन. उतरवताना तो कसाही खाली येतो, पण चढवताना त्याचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून सरकून पुढे पायलट बेअरिंगमध्ये शिरावा लागतो. दमलेला माणूस शाफ्ट अर्धा शिरल्यावर एक क्षण हात सैल सोडतो आणि पूर्ण वजन प्लेटच्या हबवर लटकते. नवी प्लेट तिथेच वाकते. पुढे गाडी उचलताना थरथरते, रिव्हर्स टाकताना दाते किरकिरतात आणि मालक सुट्या भागांना दोष देत दुकानदाराशी भांडतो. अशा गाड्या टोचन लावून माझ्याकडे येतात आणि त्या वेळी खर्च दुप्पट झालेला असतो.

तिसरे असे की फ्लायव्हील दिसणे आणि फ्लायव्हील कळणे यांत फरक आहे. निळसर डाग कितपत चालतो, केसासारख्या बारीक भेगा वरवरच्या आहेत की आत गेल्या आहेत, लेथवर फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट करणे) पुरेल की नवे घ्यावे लागेल, हे अनेक फ्लायव्हील हाताळल्यावरच ठरवता येते. आपण म्हणता की मालक थांबतो आणि बघतो. काय बघायचे हे त्याला सांगणार कोण?

घाटवाट

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मी आपल्याशी शब्दशः सहमत आहे आणि म्हणूनच घोड्या ही माझी पहिली अट आहे. ज्याच्याकडे त्या नाहीत त्याने हे काम हाती घेऊच नये. पण विटांवर गाडी ठेवणाऱ्याचे उदाहरण देऊन घोड्या वापरणाऱ्यालाही अडवणे मला योग्य वाटत नाही.

इनपुट शाफ्टबद्दल आपण सांगितलेला धोका खरा आहे, पण त्याचा उपाय ताकदीत नसून तयारीत आहे. प्लेट मध्यभागी ठेवण्यासाठी भंगारातला जुना इनपुट शाफ्ट मिळतो. तो प्लेटमधून पायलट बेअरिंगमध्ये घालून मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्ह्याने पुस्तिकेतल्या मापावर आणावेत. प्लेटची स्प्रिंगची उंच बाजू गिअरबॉक्सकडे आली आहे ना, हे तेव्हाच पाहावे. गिअरबॉक्स छातीवर न पेलता जॅकवर पट्ट्याने बांधून वर न्यावा, दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांचे मार्गदर्शक खुंट करावेत आणि बेल हाउसिंग त्यांवरून सरकवावे. मग वजन खुंटांवर येते, हबवर येत नाही. हे मी एका गॅरेजात पाहून शिकलो नाही. तिथे तर दोघे जण गिअरबॉक्स हातांवर धरून ढकलत होते.

फ्लायव्हीलच्या पारखीबद्दल मात्र आपले म्हणणे मला मान्य आहे. त्यासाठी फ्लायव्हील उतरवून लेथवर घेऊन जाता येते आणि तिथला कारागीर सांगेल त्याप्रमाणे करता येते. काम स्वतः करणे म्हणजे कुणालाच काही न विचारणे, असे मी म्हटलेले नाही.

शाळेची_गाडी

माझी ओम्नी मुलांना शाळेत ने-आण करते, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न हौसेचा नाही. गाडी एका सकाळी निघाली नाही तर आठ घरांतल्या पालकांची धावपळ होते. घरी काम काढले आणि संध्याकाळी एक बोल्ट तुटला, किंवा आणलेली प्लेट दुसऱ्याच मॉडेलची निघाली, तर दुसऱ्या दिवशीची सोय कोण करणार? गॅरेजवाल्याकडे दुसरा बोल्ट असतो, ओळखीचा दुकानदार असतो, आणि वेळ पडली तर तो रात्री उशिरापर्यंत थांबतो.

माझा दुसरा मुद्दा जबाबदारीचा आहे. प्रवासी परवान्यावरची गाडी आठ वर्षांपुढे गेली की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. तपासणीत क्लच उघडून कोणी पाहत नाही हे मला ठाऊक आहे, पण प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट सैल राहून तो चढावर सुटला आणि गाडीत मुले असली, तर "मी स्वतः बसवला होता" हे वाक्य मला कोणत्याही पालकासमोर उच्चारता येणार नाही. बिल हा कागद असतो, पण त्यामागे दुसऱ्या एका जाणत्या माणसाने ते काम केल्याची खात्रीही असते. स्वतःच्या खासगी गाडीचे मालकाने काय करावे हे तो ठरवील; दुसऱ्यांची लेकरे बसतात त्या गाडीखाली शिकाऊ माणसाने हात घालू नये, असे मला मनापासून वाटते.

कुडाळकर_चालक

वरचे दोन्ही विरोधी प्रतिसाद चांगले गॅरेज हाताशी आहे असे गृहीत धरतात. सिंधुदुर्गाच्या आतल्या गावांत तसे नाही. पावसाळ्यात घसरत्या क्लचची गाडी तालुक्याच्या ठिकाणापर्यंत न्यायची म्हणजे उरलेली प्लेटही वाटेतच जाळायची. शिवाय जवळचे गॅरेज आता दुचाकींचेच जास्त काम घेते आणि तिथला तरुण ओम्नीचा गिअरबॉक्स पहिल्यांदाच उतरवणार असेल, तर अनुभव त्याचाही नाही आणि माझाही नाही. मग निदान माझी गाडी मी काळजीने हाताळीन.

आम्ही शेजाऱ्यांनी मिळून हे काम केले, ते गोदामाच्या कोब्यावर. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. प्रोपेलर शाफ्ट आणि मागची फ्लँज यांवर छिन्नीने एकच खूण केली, म्हणजे शाफ्ट पुन्हा त्याच जागी बसून तोल बिघडत नाही. शाफ्ट ओढताच गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल वाहू लागते, म्हणून तेल आधीच काढून घेतले आणि तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली. मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) सोडला की इंजिन मागे कलते आणि रेडिएटरच्या होजवर ताण येतो. म्हणून ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक आधीच लावला होता. यातली कोणतीही गोष्ट अलौकिक नाही, पण एकही विसरून चालत नाही.

सुट्या भागांबद्दल एक आग्रह आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीची आणि पक्क्या पावतीने घ्यावीत. क्लच बनवणारी एक्सेडी आपल्या छत्रपती संभाजीनगरात आहे, ल्यूक आणि व्हॅलिओ यांचे संचही सहज मिळतात. असे असताना खोक्यावरचे नाव अस्पष्ट छापलेला स्वस्त माल घेण्याचे काहीच कारण नाही.

धूळ_नको

मी बाजू घेत नाही, पण सर्वांकडून सुटलेली एक गोष्ट नोंदवतो. बेल हाउसिंगमध्ये जी काळी भुकटी साचते ती प्लेटच्या अस्तराची असते, आणि जुन्या गाडीत कधीकाळी बसवलेल्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर आजार कित्येक वर्षांनी उमटतो. ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच निकाल दिलेला आहे. ती भुकटी फुंकू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे आणि तोंडावर चांगला मास्क असावा. गॅरेजांत हवेचा पाइप सर्रास वापरला जातो, आणि तिथला पोऱ्या दिवसभर त्याच हवेत श्वास घेतो. फिटर महाशयांनी याकडे लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पान्हा_सातारा

भुकटीबद्दलची सूचना मला मान्य आहे. आमच्याकडे हवेचा पाइपच वापरला जात होता. तो या कामासाठी बंद करून ओले फडके वापरायला मी मुलांना सांगितले आहे.

कुडाळकरांनी ज्या पद्धतीने काम केले त्यात मला खोट काढता येत नाही, पण त्यांच्याकडे कोबा होता, माणसे होती आणि घाई नव्हती. हा योग फार थोड्यांचा जुळतो, म्हणून सर्वसाधारण सल्ला म्हणून "स्वतः करा" असे लिहिणे मला आजही चुकीचे वाटते. ज्यांना करायचेच आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. नवे रिलीज बेअरिंग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका, आतले ग्रीस निघून जाते. आणि इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट लावा, कारण जास्तीचे ग्रीस उडून अस्तरावर बसते.

घाटवाट

या दोन्ही सूचना मी जपून ठेवतो. शाळेच्या गाडीबद्दलचे म्हणणे मला पटले आहे. प्रवासी गाडी मी माझ्या सल्ल्यातून वगळतो. खासगी गाडीबाबत मात्र माझे मत तेच आहे, आणि ज्याला पहिल्याच वेळी एकट्याने करण्याची भीती वाटते त्याने पान्हा यांच्यासारख्या फिटरला एका दिवसाची मजुरी देऊन घरी बोलवावे व त्यांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने काम करावे. फिटर मंडळी अशा कामाला येतील का, हे त्यांनीच इथे सांगावे.

पान्हा_सातारा

मी येईन. मात्र घोड्या माझ्या असतील, आणि गिअरबॉक्स चढवताना कोणी काय धरायचे हे मी सांगेन.