मदत हवी आहे : गोचीड ताप, प्लेटलेट वाढत नाहीत (सातारा)

आमची गावठी कुत्री, वय ३ वर्षे, वजन १६ किलो, लसी पूर्ण. रक्ततपासणीत एर्लिकिया (गोचीड तापाचा जंतू) निघाला. डॉक्सीसायक्लीनचा २८ दिवसांचा कोर्स चालू आहे, गोळी खाणं झाल्यावरच देतो. ताप उतरला, पण प्लेटलेट ३८ हजारांवर अडकल्यात आणि कालपासून नाकातून रक्त येतंय. जीव नुसता टांगणीला लागलाय. गोचिडांची गोळी दिली, अंगण फवारून घेतलं. पपईच्या पानांचा रस तिला पचत नाही, लगेच उलटी होते.

डॉक्टर म्हणतात, रक्त चढवावं लागेल. पंधरा हजारांपर्यंत जमवता येतील. पुणे लांब पडतं, प्रवास तिला झेपेलसं वाटत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अलीकडे कुणी कुत्र्याला रक्त चढवून घेतलंय का? रक्त द्यायला दुसरं कुत्रं आपणच न्यायचं का, आणि तपासण्या धरून एकूण खर्च किती आला?