गॅटिनोच्या चढउतारांसाठी टूरिंग स्की: कुठलं बाइंडिंग कुठल्या बुटाला?

डिचोलीचा_भटक्या
नमस्कार मंडळी. डिसेंबरात कामासाठी ओटावाला चाललोय, दोन वर्षं तरी तिथंच. नदीपलीकडे गॅटिनो पार्क आहे आणि हिवाळ्यात तिथं क्रॉस-कंट्री स्कीच्या जवळजवळ २०० किलोमीटर वाटा असतात हे कळल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. लिफ्टनं वर जाऊन सुसाट खाली यायचं असलं काही मला नकोय, आपण वाघेरीवर चढतो तसं सॅक घेऊन दिवसभर रानातून जायचंय. काही वाटांवर मशीननं रूळ पाडलेले असतात, काही तशाच सोडलेल्या, आणि बराचसा भाग टेकड्यांचा. उंची १७२ सेंमी, वजन ७८ किलो, सॅक ६-७ किलो धरा.

वापरलेल्या दोन जोड्या बघून ठेवल्यात. एक फिशर एस-बाउंड ९८, तिला तीन पिनांचं ७५ मिमी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायची पकड. दुसरी फिशर ट्रॅव्हर्स ७८, तिला एनएनएन बीसी, म्हणजे एनएनएन नावाच्या बाइंडिंगचा रानवाटांसाठीचा (बॅककंट्री) प्रकार. तिथल्या एका मित्राकडे साधे एनएनएन बूट पडून आहेत, मापाचे आहेत, फुकट देतोय. ते बीसी बाइंडिंगवर चालतील ना? नाव तर एकच आहे.

रानवाट_फोंडा
नाही चालणार दादा, आणि हे मी अनुभवानं सांगतेय. सहा वर्षं ट्रॉनहाइमला होते, पहिल्याच हिवाळ्यात मी उलटी चूक केली, बूट बीसीचे घेतले आणि स्कीवर साधं एनएनएन. दुकानदार म्हणाला सगळं एकच असतं. तिथल्या बिमार्का रानाच्या पार्किंगमध्ये उणे बारात वाकून वाकून बघतेय, बुटाच्या पुढच्या टोकाखाली जी आडवी लोखंडी दांडी असते ती बाइंडिंगच्या खाचेत जाईचना. बीसीची दांडी जाड आणि लांब असते, साध्या एनएनएनची बारीक. सगळे पुढे गेले आणि मी गाडीत बसून राहिले, त्या दिवशी फार वाईट वाटलेलं.

म्हणून आधी बूट ठरवा, मग बाइंडिंग, स्की सगळ्यात शेवटी. साध्या एनएनएनचे बूट प्रोलिंक आणि टर्नॅमिक या दुसऱ्या नावांच्या बाइंडिंगवरही बसतात, ते बिनधास्त घ्या. जुन्या सालोमॉन एसएनएस बाइंडिंगवर बसत नाहीत. बीसीला बीसीचेच बूट लागतात. तीन पिनांच्या बुटाला पुढे बदकाच्या चोचीसारखा चपटा सोल असतो, त्याला तीन भोकं, ती पिनांवर बसवून वरून कडी दाबायची, आणि त्यात डावं-उजवं वेगळं असतं हे लक्षात ठेवा.

आता स्की. एस-बाउंडची मापं ९८-६९-८८, म्हणजे टोक, कंबर, शेपूट. मशीनच्या रुळात साधारण ७० मिमीच्या वरचं टोक कडेला घासत राहतं, त्यामुळे ९८ तिथं बसणारच नाही, रुळाबाहेरूनच चालावं लागेल. ट्रॅव्हर्स ७८-६१-६९ आहे, तीही रुळात थोडी घासेल पण मोकळ्या वाटेवर बरी तरंगते, वळते, आणि कडेला स्टीलची पट्टी आहे. टेकडीवर चढताना कुणाला भीती वाटत नाही, भीती उतरताना वाटते. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेली वाट म्हणजे आपल्याकडची जुलैतली शेवाळलेली चिऱ्याची पायरी समजा. तिथं ती पट्टी चावा घेते म्हणून स्नोप्लाउ (टोकं जवळ, शेपट्या फाकवून ब्रेक मारणं) लागतो आणि वेग मारता येतो. माझं मत सरळ आहे, ट्रॅव्हर्स घ्या आणि बीसीचे बूट विकत घ्या.

मांडवी_६९
ताईंचं बाइंडिंगबद्दलचं सगळं बरोबर, स्कीबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. नवखा माणूस पहिल्या हिवाळ्यात ऐंशी टक्के वेळ रुळावरच असणार, मग जड स्की आणि जड बूट घेऊन रोज का दमायचं? मित्राचे बूट फुकटात आहेत तर साधी अरुंद, खवल्यांची स्की भाड्यानं घ्यावी, महिनाभर शिकावं, स्टीलच्या कडांचं पुढच्या वर्षी बघता येईल. लांबी उंचीवर बघू नका, वजनावर बघा आणि सॅक धरून, म्हणजे तुमच्या बाबतीत ८५ च्या आसपास. स्की फार मऊ पडली तर मधला भाग कायम बर्फाला टेकून राहतो आणि घसरणं जातं, फार कडक पडली तर खवले खाली टेकतच नाहीत आणि चढावर पाय मागे सरकतात.

डिचोलीचा_भटक्या
दोघांचे आभार, बूट अडवतील हे डोक्यातच नव्हतं. पण खवले म्हणजे नक्की काय? मेण लावायची स्कीही असते ना?

रानवाट_फोंडा
बाजारातनं चोणक आणता ना, त्याच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, गुळगुळीत लागेल, उलटा फिरवा, हाताला टोचेल. स्कीच्या तळाला मधोमध तसेच खवले कोरलेले असतात, पुढे सरकते, मागे धरते. मेणाची स्की थंड कोरड्या बर्फात जास्त छान पळते यात वाद नाही, पण शून्याच्या आसपास कुठलं मेण लावायचं यात जुनीजाणती माणसंही तास घालवतात. तुम्ही खवलेच घ्या. खवल्यांवरही अधूनमधून पातळ ग्लाइड (घसरण्यासाठीचं मेण) लावायचं, नाहीतर ओला बर्फ खाली गोळे धरतो. अगदी खडा चढ आला तर हेरिंगबोन, म्हणजे टोकं बाहेर वळवून आतल्या कडांवर पाय टाकत चढायचं, नाहीतर आडवं उभं राहून एकेक पायरी. एस-बाउंड आणि ट्रॅव्हर्सला चढावर मागे सरकू नये म्हणून खालून चिकटवायची छोटी स्किन (केसाळ पट्टी) पण मिळते, सॅकमध्ये ठेवून द्या.

मांडवीभाऊंचं भाड्याचं पटलं. पहिला महिना तसंच करा.

साखळी_सायकल
एक गोष्ट इथंच सुरू करता येईल, रोलर स्की, म्हणजे रस्त्यावर चालणारी चाकांची स्की. साध्या एनएनएन बुटांवर चालतात. मी मिरामार ते दोनापावला सकाळी सहाच्या आत जातो, नंतर गाड्या वाढतात. बहुतेकांना ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर नेऊ नका, चोर्ल्याला तर मुळीच नाही. एका पायावर तोल धरून सरकण्याची सवय लागते आणि बर्फावर निम्मं काम तेच असतं. हेल्मेट आणि गुडघ्याचं पॅड घाला.

आणि परत येताना सामान आणलंत तर पावसाळ्याआधी बघा. माझ्या स्कीच्या स्टीलच्या कडा एका जूनमध्ये तांबूस झाल्या, बुटांच्या आत पांढरी बुरशी. आता कडा पुसून तेलाचा हात देतो, बुटात वर्तमानपत्र कोंबतो आणि दर पंधरवड्याला बदलतो.

डिचोलीचा_भटक्या
ठरलं तर मग, मित्राचे बूट, भाड्याची अरुंद जोडी, आणि जानेवारीच्या शेवटी बीसीचे बूट घालून बघून मग ट्रॅव्हर्स. ती तोवर विकली गेली तर दुसरी शोधेन. वापरलेली जोडी घेताना आणखी काय तपासू?

मांडवी_६९
स्क्रू सैल आहेत का ते हलवून बघा, सैल भोकात पाणी शिरतं. कडा कुठं सुटलीय का, तळ फाटलाय का. मग घट्ट सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर सारखं वजन देऊन सॅकसकट उभे राहा आणि बाइंडिंगखालून कुणाला तरी कागद सरकवायला सांगा. दोन पायांवर कागद थोडा सरकला पाहिजे आणि एका पायावर सगळं वजन टाकलं की अडकला पाहिजे. कागद सॅकमध्ये घालून न्या, विकणाऱ्याकडे मिळेलच असं नाही.