मदत हवी आहे : घोडीचे पुढचे खूर असमान, चार दिवसांपासून लंगडते आहे

रानवाट_मये
माझी घोडी गेल्या चार दिवसांपासून लंगडत आहे. तिचे पुढचे दोन खूर एकसारखे नाहीत. एक उभट व अरुंद आहे, तर दुसरा पसरट असून त्याची टाच खाली बसलेली आहे. नालबंद बेळगावहून येतो आणि त्याच्या पुढच्या फेरीला अजून तीन आठवडे आहेत. तोपर्यंत मी स्वतः कानस घेऊन उंच खूर घासून दुसऱ्याच्या बरोबरीला आणला तर चालेल का? किती घासावा, एवढेच कृपया सांगावे. इकडे पाऊस थांबत नाही आणि तिचे हाल बघवत नाहीत.

जुना_स्वार
ताई, ती कोणत्या पायाने लंगडते, हेच आपण लिहिलेले नाही. तिला कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून समोरून पाहावे. दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. शिवाय वय किती, नाल आहेत का, शेवटची नालबंदी कधी झाली आणि दाणा काय घालता, हे कळल्याशिवाय कानशीबद्दल बोलणे योग्य होणार नाही.

कुळागरकार
घोडी विकत घेताना तिच्या अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे कोणी जाणत्याने पाहिले होते का? आमच्या आजोबांनी केवळ एका भोवऱ्यासाठी पसंत पडलेला घोडा परत पाठवला होता.

मोकळी_टाप
नाल काढून टाका, हा माझा सरळ सल्ला आहे. माझे दोन्ही घोडे सहा वर्षांपासून बिननालेचे आहेत आणि एकदाही लंगडलेले नाहीत.

जुना_स्वार
आपले घोडे वाळूत फिरतात, हे आपण मागेच सांगितले होते. गोव्यात, आपल्या मयेला जांभ्याची खडी आहे. पावसात भिजून मऊ पडलेला तळवा त्या खडीवर उघडा सोडला, तर दुखण्यात भरच पडेल.

मोकळी_टाप
तळवा मऊ पडतो तो कोरडी जागा न दिल्यामुळे, नाल नसल्यामुळे नव्हे.

रानवाट_मये
मी भोवरेही विचारले नव्हते आणि नालेविषयीचा वादही विचारला नव्हता. तरी सांगते. घोडी ७ वर्षांची आहे, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली आहे. आपण सांगितल्याप्रमाणे चालवून पाहिले. ती उजव्या, म्हणजे पसरट खुराच्या पायाने लंगडते. नाल आहेत. शेवटची नालबंदी शिगमो संपल्यावर झाली होती, मधल्या दोन फेऱ्या नालबंदाला जमल्या नाहीत. दाण्यात हरभरा, भुसा आणि थोडा गूळ असतो.

जुना_स्वार
म्हणजे आपण ज्या पायाला दुखणेच नाही, त्याचा खूर घासायला निघाला होतात.

दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. असमानता जुनी असणार. पुष्कळ घोडे चरताना कायम एकच पाय पुढे टाकतात. पुढे टाकलेल्या पायाचा खूर पसरत जातो आणि मागे राहणाऱ्याचा उभट होतो. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असल्याने हा फरक वाढत जातो. खूर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढतो, आणि नाल असताना तो झिजत नाही. चार महिन्यांत अडीच ते चार सेंटिमीटर वाढ झाली असेल, तर पसरट खुराचा अग्रभाग लांब होऊन टाच आणखी पुढे दबली असणार. पण उभट खुराची टाच एकदम खाली आणली, तर पायामागची शीर अचानक ताणली जाते आणि आज धड असलेला पायही दुखू लागतो. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी थोडाथोडाच तासावा, आणि दोन्ही खूर अगदी जुळलेच पाहिजेत असा हट्ट धरू नये.

लंगडणे मात्र अवघ्या चार दिवसांचे आहे, म्हणून मला आत पू झाल्याची शंका येते. दोन्ही खुरांना तळहात लावून कोणता गरम आहे ते पाहावे. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना बोटे ठेवल्यास नाडी लागते. दुखऱ्या पायात ती ठणकत असते. तळव्यात खिळा किंवा काच दिसल्यास ती उपसू नये, डॉक्टरांना तशीच दाखवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा दिले आहे, तेही तपासावे, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

ती पुढचे दोन्ही पाय ताणून मागे रेलून उभी राहत असेल, तर ते खुराच्या आतल्या सुजेचे लक्षण असू शकते; मग गूळ व दाणा आजच बंद करून डॉक्टरांना तातडीने बोलवावे आणि तिला अजिबात चालवू नये.

डिचोलीकर
घोडी बरी झाल्यावर पुतण्याच्या लग्नाच्या मिरवणुकीसाठी मिळू शकेल का? आमच्याकडे घोडेमोडणीच्या नाचाचे घोडे आहेत, पण ते लाकडी.

कुळागरकार
खुरात कोमट खोबरेल तेल व हळद भरावी, पू असल्यास आपोआप ओढला जातो.

जुना_स्वार
तेल भरल्याने तोंड बंद होते आणि पू आतच वर चढून खुराच्या वरच्या कडेला फुटतो. कृपया असे करू नये.

रानवाट_मये
उजवा खूर गरम होता आणि नाडी बोटांना लागत होती. डॉक्टर परवा आले. त्यांनी नाल काढून पकडीने तळवा इंच-इंच दाबला. बाहेरच्या बाजूच्या दुसऱ्या खिळ्याजवळ दाबताच घोडीने पाय हिसकावला. तिथे सुरीने थोडे कोरल्यावर काळे, पातळ, उग्र वासाचे पाणी निघाले. संध्याकाळपर्यंत ती पाय टेकू लागली. आता एप्सम मिठाच्या पाण्यात भिजवलेले पोटीस, त्यावर लहान मुलांचा डायपर आणि वरून चिकटपट्टी असा पोशाख रोज बदलते. धनुर्वाताचे इंजेक्शनही झाले. कानस परत फळीवर ठेवली आहे. नालबंदाला मी काय सांगावे?

जुना_स्वार
पाणी येणे थांबून भोक कोरडे पडेपर्यंत नाल मारू नये. तोपर्यंत गोठ्यात रबरी चटई व कोरडा भुसा ठेवावा, म्हणजे मोकळी_टाप यांचेही समाधान होईल. शक्य असल्यास दोन्ही पायांचे समोरून व बाजूने एक्स-रे काढून घ्यावेत आणि नालबंद आल्यावर ते डॉक्टरांच्या समक्ष त्याला दाखवावेत. आत हाड कोणत्या कोनात बसले आहे, ते त्यात दिसते. खूर किती तासायचा हे त्यावरूनच ठरते.

रानवाट_मये
नालबंद रविवारी येतो असे म्हणाला आहे. आल्यावर कळवते.